रेवाची जाहिरात

रेवा विकायची हे ठरल्यावर मी आधी इतरांनी लिहिलेल्या घोड्यांच्या जाहिराती वाचून काढल्या. देखणा, चपळ, शांत, लहान मुलंही बसतात. वय अंदाजे. उंची बहुधा नाहीच. स्वभाव जरा कडक असेल तर ‘थोडा गरम आहे’ एवढंच. थोडा गरम म्हणजे तो पागेतून बाहेर पडताना पाठ वाकवून उड्या मारतो, की मागच्या दोन पायांवर उभा राहतो, की नुसता बाकीच्या घोड्यांच्या पुढे चालायचा हट्ट धरतो? पहिल्या प्रकारात स्वार पडतो. दुसऱ्यात घोडाच स्वारावर पडू शकतो. तिसऱ्यात कुणाला काही होत नाही. यातला कोणता घोडा आपल्या दारात येणार, हे त्या दोन शब्दांवरून कुणालाच कळणार नाही.

रेवा माझी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी. घोडबंदर रोडवर ओवळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी खासगी पागा आहे, तिथे ती होती. मी मानपाड्याला राहते. पहाटे निघालं की रस्ता तुंबायच्या आत पागेवर पोचता यायचं. मग माझ्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आणि डॉक्टरांनी घोड्यावर बसणं कायमचं बंद केलं. रेवाला नुसतं बांधून ठेवणं मला पटत नव्हतं. ती काम मागणारी घोडी आहे. चार दिवस मैदानावर नेली नाही तर ठाणात, म्हणजे तिच्या बांधायच्या जागेत, उभ्या उभ्या डावीकडून उजवीकडे डुलत राहते, खाणं अर्धवट टाकते.

ती कुठे जाऊ नये हे मला पक्कं ठाऊक होतं. मुंबईतल्या व्हिक्टोरिया, म्हणजे हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या, उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निकालाने बेकायदा ठरल्या, पण वराती आहेत, मिरवणुका आहेत, पर्यटकांना फिरवून आणणारे आहेत. रेसकोर्सवरून उतरलेला घोडा एका मालकाला झेपला नाही की दुसऱ्याकडे जातो, तिथून तिसऱ्याकडे, आणि दरवेळी त्याची किंमत उतरते तशी त्याची काळजी घेणाऱ्यांची समजही उतरत जाते. रेवासारखी घोडी वरातीच्या गर्दीत उभी केली तर ती कुणाचा तरी जीव घेईल किंवा स्वतःचा पाय मोडून घेईल. ज्याला ती झेपणार नाही त्याने जाहिरात वाचूनच कागद खाली ठेवावा, अशी ती लिहायची होती. शंभर फोन आले काय आणि पाच आले काय, मला योग्य असा एकच हवा होता.

लिहायच्या आधी एक काम उरकायचं होतं. जे आपण स्वभाव म्हणून लिहिणार आहोत तो खरंच स्वभाव आहे की दुखणं, याची खात्री. हा टप्पा बरेच लोक गाळतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घोडा बोलत नाही. दुखलं की कान मागे टाकतो, चावायला येतो, अडतो, आणि आपण म्हणतो तो हट्टी आहे. रेवा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना दात दाखवते. ही खोड तिला रेसकोर्सपासूनची. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. रेसच्या घोड्यांना खुराक जास्त, गवत कमी आणि रिकाम्या पोटी तास जास्त, त्यामुळे त्यांच्यात जठराचे व्रण फार आढळतात. रेवालाही होते, उपचार झाले, आता पोट बरं आहे. तरी पशुवैद्यांना बोलावून पुन्हा पाहून घेतलं. दात तपासले. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, दाढांच्या कडांना धार येते आणि त्या गालाला लागतात, म्हणून वर्षातून एकदा तरी कानस मारावी लागते. लगामाच्या ओढीने गाल धार असलेल्या दाढांवर दाबला गेला तर कुठलाही घोडा मान झटकणार. पाठ दाबून पाहिली, खोगीर नीट बसतंय का तेही पाहिलं. सगळं तपासून झाल्यावर उरलं ते तिचं स्वतःचं, आणि तेवढंच स्वभाव म्हणून लिहायचं असं ठरवलं. व्रणांची हकिकतही लिहायची, कारण नव्या मालकाने गवत तोडलं आणि चणे वाढवले तर ते परत येऊ शकतात.

मग मी एक वही केली. मला आता बसता येत नव्हतं, म्हणून कठड्याला टेकून पाहायची. रेवाला काम देत होते ते आमचे रिसालदार साहेब, लष्कराच्या घोडदळातून, जयपूरच्या ६१ व्या कॅव्हलरीतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी माझा पहिला कच्चा कागद वाचला आणि एकच विचारलं, “ताई, ह्यात घोडी काय करते ते कुठं आहे?” मी लिहिलं होतं, संवेदनशील, स्वाभिमानी, अनुभवी स्वाराची गरज. ते म्हणाले, “अनुभवी तर प्रत्येक जण स्वतःला समजतो. तुम्ही लिहा की उजव्या हाताला वळताना लगाम धरून लटकलात तर ती काय करते. ज्याला लटकायची सवय आहे त्याला स्वतःला कळतं.”

यानंतर माझी वही बदलली. ‘बुजरी’ खोडून लिहिलं, ताडपत्री फडफडली की एकदम बाजूला दोन पावलं उडी घेते, पळत नाही, थांबून त्याच्याकडे पाहते. ठाण्यात पावसाळ्याचे चार महिने निळी ताडपत्री कुठे नसते? पागेच्या छपरावर, शेजारच्या बांधकामावर, भाजीच्या गाडीवर. उलट घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू असताना खांबांसाठी जमीन पोखरणारी यंत्रं, मागे येणाऱ्या डंपरची पीपी, ट्रकचे भोंगे यांची तिने कधी पर्वा केली नाही. ‘आवाजाला घाबरते’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. तिला आवाजाचं काही नाही, फडफडणाऱ्या वस्तूंचं आहे. छत्री उघडली तरी तेच.

रेवाची देखभाल करणाऱ्या आमच्या सईसचाचांना मी वेगळं विचारलं. स्वार दिवसातला तासभर घोड्यावर असतो, बाकीचा दिवस घोडा सईसबरोबर असतो, त्यामुळे खरी माहिती त्यांच्याकडेच असते. त्यांनी खरारा करता करता एकेक सांगितलं आणि मी मराठीत उतरवत गेले. शेजारच्या ठाणातला घोडा दिसत असेल तरच ती रात्री आडवी होते. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, देताना कुणी मध्ये हात घातला की कान पाडते, पण चावत नाही. तंगाच्या वेळी मात्र खरंच चावते. तंग एकदम ओढायचा नाही, एक भोक आवळायचं, चार पावलं फिरवायचं, मग दुसरं. नाल मारताना पुढचे पाय मुकाट देते, मागचा डावा देत नाही, त्या वेळी डोक्याशी तिच्या ओळखीचा माणूस लागतो. माजावर येते तेव्हा चार-सहा दिवस कुशीला पाय लावून घेत नाही, शेपटी आपटत राहते, आणि जवळून दुसरा घोडा गेला की दुगाणी झाडते. यातल्या काही गोष्टी इतकी वर्षं तिच्यावर बसूनही माझ्या नजरेला आल्या नव्हत्या, कारण मी पोचायच्या आत चाचांनी त्या निभावलेल्या असायच्या. म्हणून जाहिरातीत सईसबद्दलही एक ओळ घातली: हिला घाई न करणारा सईस लागतो.

आता तिचे गुण. ते लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि कारण सांगण्यासारखं आहे. रेवा अडथळ्याकडे कान टवकारून जाते, अंतर स्वतः मोजते, पुढचे गुडघे छातीशी घेऊन स्वच्छ उडी मारते. काठीला खुराचा स्पर्श झाला तर पुढच्या खेपेला तीच उडी वीतभर उंच घेते. तिचं पाऊल लांब आहे. जिथे बाकीचे घोडे दोन अडथळ्यांमध्ये पाच पावलं घेतात तिथे ती चारांत पोचते. उडीच्या स्पर्धेत काठी पडली की चार गुण दंड, घोडा पहिल्यांदा अडला की चार, दुसऱ्यांदा अडला की बाद. रेवाच्या पायाने काठी क्वचित पडते. ती अडते मात्र, आणि प्रत्येक वेळी एकाच कारणाने: स्वार मागे राहिला आणि उडी मारताना तिच्या तोंडाला झटका बसला. त्या अडथळ्यावरून ती जाते. पुढच्यापुढे थांबते.

ज्या नाजूक जाणिवेमुळे ती काठीला स्पर्श होऊ देत नाही, तीच जाणीव स्वाराचा हात सहन करत नाही. दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. जाहिरातींची नेहमीची रचना असते, वर गुणांचा परिच्छेद आणि खाली एक ‘पण’. वाचणारा वरचं वाचून हरखतो आणि खालचं नजरेआड करतो. मी ती रचना मोडली. प्रत्येक गुण आणि त्याची अट एकाच वाक्यात बसवली, मध्ये पूर्णविराम नाही. ज्याला उडी हवी त्याला हाताबद्दलही वाचावंच लागेल. रिसालदार साहेबांनी त्यात आणखी एक सुचवलं, की अवगुण लिहिला तिथे तो कसा सांभाळायचा तेही लिहा, नुसती तक्रार नको. ते मी मान्य केलं, पण सगळीकडे नाही. वर बसताना ती उभी राहत नाही, रिकिबीत पाय गेला की चालू लागते. यावर आमच्याकडे उपाय नाही, कुणीतरी डोकं धरावं लागतं. तिथे उपाय लिहिला असता तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की हे सुटलेलं आहे.

माझा चुलतभाऊ ठाणे कोर्टात वकिली करतो. कागद त्याला दाखवला तो भाषेसाठी नव्हे, तर कुठे अडकायला नको म्हणून. त्याने वाचला आणि उठून कपाटातून करार कायदा काढला, १८७२ चा. कलम १७, फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगणारं. त्याखाली कायद्याने स्वतःच उदाहरणं दिली आहेत, आणि ती घोड्याची आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. दुसरं उदाहरण, घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. तिथे नात्यामुळेच सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं, घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी समजेन, आणि विकणारा गप्प राहतो. तिथे गप्प राहणं हेच बोलणं. भाऊ म्हणाला, “अक्का, कायद्याने तुला गप्प राहायची बरीच मुभा आहे. मात्र जे लिहिशील ते खरं असलं पाहिजे. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात कलम १५ आहे, वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाशी जुळलीच पाहिजे.” कायद्याच्या भाषेत घोडा हा मालच, जंगम मालमत्ता.

मला ते दुसरं उदाहरण फार पटलं. त्या रात्री मी पूर्ण कागद पुन्हा वाचला, घेणारी माझी स्वतःची मुलगी आहे असं समजून. काय राहिलंय? पुढच्या डाव्या पायाच्या नळीवर हाडाची एक जुनी गाठ आहे. थंड आहे, दुखत नाही, ती त्यामुळे कधी लंगडली नाही. कायद्याने कदाचित सांगायची गरज नव्हती, बघणाऱ्याला हाताला लागलीच असती. मुलीला मात्र मी आधीच सांगितलं असतं. ती ओळ घातली. आणि ‘शांतपणे गाडीत चढते’ ही ओळ काढली, कारण ती गाडीत शांत उभी राहते हे खरं, पण चढायला वेळ घेते, कधी अर्धा तास. तसंच लिहिलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. थरोब्रेड घोड्याची जन्मापासून नोंद असते आणि कागदांवर सगळ्यांचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं, त्यामुळे वय अंदाजे लिहायचं कारण नव्हतं. शिवाय साधारण दहाव्या वर्षी वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीजवळ एक खाच दिसू लागते, ती पशुवैद्यांनी दाखवली. कागद आणि तोंड जुळत होतं. धनुर्वाताची लस, जंताची औषधं, नालबंदीची तारीख. आणि ग्लँडर्सची चाचणी. हा जिवाणूंचा रोग घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो, घोड्यांच्या वाहतुकीवर आणि बाजारांवर त्यामुळे बंधनं येतात, आणि त्याची राष्ट्रीय पातळीवरची तपासणी हिस्सारच्या अश्व संशोधन केंद्राकडे असते. चाचणी नकारात्मक असल्याचा अहवाल हातात आल्याशिवाय जाहिरात बाहेर काढायची नाही असं मी ठरवलं होतं.

किंमत लिहावी की नाही यावर पागेत दोन मतं होती. लिहू नये म्हणणाऱ्यांचं म्हणणं, आकडा दिसला की लोक बिचकतात. माझं मत उलट होतं. आकडा नसला की पहिला फोन घोडीबद्दल नसतो, घासाघिशीचा असतो. आणि आकडा फार खाली ठेवला तर ती स्वस्तात मिळते म्हणून घेणारे येतात. मी आकडा लिहिला, आणि त्याच्याच खाली महिन्याचा खर्च कशाकशावर होतो ते लिहिलं: दिवसाला नऊएक किलो गवत, चंदी वेगळी, पाच-सहा आठवड्यांनी नाल, वर्षातून एकदा दात, सईसचा पगार. घोडा विकत घेणं एकदाच होतं, पोसणं रोज असतं.

शेवटी जे तयार झालं ते असं:

“रेवा. थरोब्रेड घोडी, कुमेत (तांबूस अंग, काळी आयाळ), कपाळावर चांदणी, मागच्या उजव्या पायाला पांढरा मोजा. वय ११, उंची १५.३ हँड (एक हँड म्हणजे चार इंच). रेसकोर्सवर धावलेली, पाचव्या वर्षापासून उडीचं शिक्षण. १.१० मीटर उंच अडथळ्यांच्या कोर्सवर स्पर्धेत उतरते, घरच्या मैदानावर १.२० पर्यंत.

अडथळा स्वतः मोजते आणि काठीला स्पर्श होऊ देत नाही, म्हणूनच उडीच्या वेळी तोंडावर ओढणारा हात तिला चालत नाही आणि झटका बसला तर पुढच्या अडथळ्यापुढे थांबते. लांब पावलाची आणि पुढे जायला उत्सुक आहे, त्यामुळे पहिली वीस मिनिटं सैल लगामावर कदम आणि दुडकी दिली तरच पाठ सैल सोडते. आल्याआल्या आवरायला गेलात तर मान वर करून पळायला पाहते. रस्त्याचे आवाज, यंत्रं, भोंगे यांची सवय आहे, मात्र फडफडणारी ताडपत्री किंवा उघडणारी छत्री दिसली की बाजूला उडी घेते.

वर बसताना उभी राहत नाही, डोकं धरायला माणूस लागतो. तंग आवळताना चावते, हळूहळू आवळावा. मागचा डावा पाय नालबंदाला सहज देत नाही. माजावर असताना कुशीला पाय सहन करत नाही आणि दुसऱ्या घोड्याला दुगाणी झाडते. गाडीत चढायला वेळ घेते, चढल्यावर शांत. एकटी राहत नाही, शेजारी घोडा हवा. काम मिळालं नाही तर ठाणात डुलते. लाकूड धरून हवा गिळायची खोड नाही. मागच्या पायांवर उभी राहिलेली कधी पाहिलेली नाही.

पूर्वी जठराचे व्रण होते, उपचार पूर्ण; गवत कायम समोर हवं. पुढच्या डाव्या नळीवर जुनी गाठ, लंगडत नाही. तुमच्या पशुवैद्यांकडून तपासून घ्या.

हात हलका आणि बैठक पक्की असलेल्या स्वारासाठी. शिकणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी नाही. वरात, मिरवणूक, भाड्याच्या सफरी यांसाठी देणार नाही. पुढे कधी विकायची झाल्यास आधी मला विचारावं.”

‘मागच्या पायांवर उभी राहिलेली कधी पाहिलेली नाही’ या वाक्यावर रिसालदार साहेब समाधानी होते. ‘उभी राहत नाही’ असं म्हणायचा अधिकार कुणालाच नसतो. आपण पाहिलेलं तेवढं सांगावं.

सोबत व्हिडिओ दिला. एकच, न कापलेला, वर बसण्यापासून सुरू होणारा, कारण बहुतेक व्हिडिओ घोडा चालू लागल्यावरच सुरू होतात. त्यात मध्ये ती एकदा अडलेलीही होती. ते ठेवलं. साहेबांनी त्यानंतर हात पुढे सोडून तिला परत कसं आणलं हे पाहण्यासारखं आहे, घेणाऱ्याला तेच करता आलं पाहिजे.

हे सगळं मुंबई-पुण्यातल्या आणि नाशिककडच्या स्वारी करणाऱ्या लोकांत फिरलं. फोन आले. कल्याणकडच्या एका वरातवाल्यांनी शेवटून दुसरी ओळ वाचूनही विचारलं; मी नाही म्हटलं, त्यांनी ते चांगुलपणाने मान्य केलं. खानदेशातल्या एका व्यापाऱ्याने भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वळणं, विचारले, देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, कुठला अशुभ भोवरा तर नाही ना. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास जो घोडेबाजार भरतो तिथे या गोष्टींना मोठं महत्त्व आहे. मी त्यांना शुभाशुभ सांगितलं नाही, पण भोवऱ्यांच्या जागा बिनचूक सांगितल्या, कारण ओळख पटवण्यासाठी त्या घोड्याच्या कागदांवर नोंदलेल्याच असतात. त्यांना हवं ते त्यात नव्हतं.

ऐरोलीच्या एका गृहस्थांचा फोन मात्र मला जड गेला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनंतरचं पहिलं, आणि संघातला एक मुलगा मुंबईचा. तेव्हापासून आमच्याही पागेवर मुलांना घेऊन येणारे पालक वाढले. यांची मुलगी तेरा वर्षांची, मनापासून शिकणारी. त्यांचं लक्ष १.२० या आकड्यावर होतं. म्हणाले, “ताई, ती शिकेल हो हळूहळू. चांगला घोडा असला की शिकणंही चांगलं होतं.” मी त्यांना हाताचं वाक्य फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, तुमच्या मुलीचा हात उडीच्या वेळी कुठे असतो? त्यांना सांगता आलं नाही, तेराव्या वर्षी कुठल्याच मुलीचा हात तिच्या ताब्यात पूर्ण नसतो. मग आम्ही बराच वेळ बोललो. त्या मुलीला रेवा नको, पंधरा-सोळा वर्षांचा, खच्ची केलेला, शेकडो मुलांना उड्या शिकवून शांत झालेला घोडा हवा. स्वाराची चूक पोटात घालणारा. तसा घोडा जाहिरातीत फारसा देखणा दिसत नाही, पण त्याच्यासारखा गुरू नाही. ते शोधतो म्हणाले.

रेवाला घेतलं ते नाशिकजवळच्या एका मुलीने. पंचविशीतली, स्वतः स्वारी शिकवणारी. तिचा पहिला प्रश्न होता, “ताई, ती पुढची माजावर कधी येईल? मी त्याच दिवसांत बघायला येते.” मला तिथेच बरं वाटलं. ती आली त्या दिवशी पाऊस होता, ताडपत्र्या होत्या, आणि रेवा खरोखरच वाईट मनःस्थितीत होती. मुलीने तंग स्वतः आवळला, एकेक भोक करत. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. तिने वीसहून जास्तच मिनिटं नुसती सैल लगामावर फिरवली, आणि मग लहान अडथळ्यांवरून नेली. एकदा रेवा तिरकी झाली, दोन पावलं सरकली, ताडपत्रीकडे पाहत राहिली. मुलीने काहीच केलं नाही. पाहू दिलं. मग पुढे निघाली. उतरल्यावर म्हणाली, उजव्या कुशीला पाय मागे गेला की ती जास्त चिडते, डाव्या बाजूला कमी. मी वही आणली आणि ते लिहून घेतलं.

दुसऱ्या खेपेला ती स्वतःच्या पशुवैद्यांना घेऊन आली. त्यांनी पाय दुमडून धरून मग दुडकीवर पळवून पाहिलं, नळीवरची गाठ चाचपली, तोंड पाहिलं. व्यवहार ठरला तेव्हा माझ्या भावाने विक्रीचा कागद केला आणि जाहिरात त्यालाच जोडली, दोघींच्या सह्यांसकट. आधी मला विचारण्याची अट त्यात आहे.

रेवाला गाडीत चढवायला पाऊण तास लागला. महिनाभराने फोन आला. तिकडे द्राक्षबागांवर प्लास्टिकचं आच्छादन घालतात, वारा आला की ते सगळं एकदम फडफडतं, आणि मैदानाकडे जायची वाट नेमकी बागेच्या बांधावरून आहे. ती मुलगी म्हणाली, ताडपत्रीची ओळ वाचली होती म्हणून मी पहिल्या दिवसापासून तिला हातात धरून तिथे नेते, अजून वर बसून नेलेली नाही. कोणत्या बाजूने नेऊ? मी चाचांना विचारून सांगितलं: आच्छादन तिच्या उजवीकडे राहू द्या, तुम्ही डावीकडे, आणि पुढे एक जुना घोडा चालू द्या.